मोटारींचा उपास

दसऱ्यानंतरचा मंगळवार, गेल्या वर्षीचा. वेळ सकाळची, ऊन आधीच तापलेलं. हजर: मी, केडगावहून; आमची गाडी चालवणारे अन्वरभाई, भिंगारहून; गावचे ग्रामसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं; मेजर, म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन आता शेती करणारे आणि गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष; आणि वरच्या वस्तीवरच्या अलकाताई, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्या आल्या. गैरहजर: विहिरींवरच्या मोटारींचा आवाज.

ही शेवटची नोंद मी त्या दिवशी केली नव्हती. ती आज करते आहे.

यंदाचा दसराही होऊन गेला. आज सकाळी भाजी निवडत बसले होते, तेव्हा पुणे रस्त्याकडून कांद्याच्या रोपाचा टेम्पो आमच्या गल्लीत वळला. ओल्या गोणपाटाखाली जुड्या रचलेल्या. टेम्पो गेला आणि वास मागे राहिला. चिरलेल्या कांद्याचा नव्हे. कोवळा, हिरवा, मुळांना लागलेल्या ओल्या मातीचा. पाऊस सरलेला असतो, थंडी आलेली नसते, अशा त्या मधल्या महिन्याचा हा वास आहे. या महिन्याला आमच्याकडे धड कोणी ऋतू मानत नाही. बाजरीची कणसं खुडून झालेली, सरमाड शेतात उभं, तुरीला पिवळी फुलं, बांधावरचं गवत टोकाकडून वाळायला लागलेलं. या महिन्यात विहिरींत वर्षातलं सगळ्यात जास्त पाणी असतं. म्हणून या महिन्यात मी विहिरी मोजते.

माझं काम मूल्यमापनाचं. गावाने आपलं पाणी, आपली माती, आपलं गायरान स्वतः सांभाळावं, म्हणून सरकार योजना आणतं. लोक त्यात खरोखर सहभागी झाले का, किती झाले, हे बघून मी रकाने भरते आणि गुण देते. सभेला किती आले, बायका किती, श्रमदान किती, ठराव झाले का, ठरावाप्रमाणे वागले का. मला हे काम आवडतं. मी यादीवर चालणारी बाई आहे. किराणा, औषधं, दिवाळीची साफसफाई, सगळ्याची यादी करते, आणि एकेका ओळीपुढे खूण केली की मला बरं वाटतं. नवरा म्हणतो, तू श्वाससुद्धा यादीत लिहून घेशील. लिहिला असता तर एक खूण जास्त झाली असती, एवढंच.

गेल्या वर्षीपासून मात्र लोकसहभागाच्या रकान्यापुढे मी थांबले आहे. त्याला ते गाव जबाबदार आहे. गावाचं नाव लिहीत नाही. पारनेर तालुक्यात, एवढं पुरे.

त्या गावातल्या योजनेचा गाभा म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस संपला की विहिरींची पातळी मोजायची. माणसं आणि जनावरं वर्षभर किती पितील, ते वजा करायचं. उरेल ते शेतीला. मग ग्रामसभेने बसून ठरवायचं, उन्हाळी कांदा यंदा कोणी किती लावायचा. वरून हुकूम नाही, दंड नाही. गाव मोजेल, गाव ठरवेल, गाव पाळेल. कागदावर यापेक्षा सुंदर काही मी वाचलेलं नाही. मी फक्त त्यांच्या मोजणीवर नजर ठेवायला आणि मध्येमध्ये स्वतः टेप सोडून पडताळायला जाते.

त्या मंगळवारी पहिल्या विहिरीवर मेजर आमच्या आधी पोचले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात फौजेतले काळे बूट. मी वजन बांधलेली टेप खाली सोडली. खालून डुबुक असा आवाज येतो, तेव्हा टेप थांबवायची. तो आवाज माझ्या अंदाजापेक्षा फार लवकर आला. मी टेप वर घेऊन पुन्हा सोडली. पुन्हा तेच. पाणी काचेसारखं स्वच्छ, तळाकडे जाणाऱ्या पायऱ्या निळसर दिसत होत्या.

“भरपूर हाय ना?” मेजर म्हणाले.

“खूपच आहे,” मी म्हणाले, आणि लिहिलं.

दुसऱ्या विहिरीवर तसंच. तिसऱ्या विहिरीकडे जाताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. घरून निघताना गॅस बंद केला की नाही, असं वाटतं ना, तसं. बांधावर थांबून मी विचार केला, तेव्हा लक्षात आलं की मला तितर ऐकू येतो आहे. लांब कुठेतरी कोणी बैलाला हाक मारली, तीही आली. ऑक्टोबरात, त्या भागात, सकाळी दहा वाजता तितर ऐकू येत नाही. मोटारी चालू असतात.

“भाऊसाहेब, लाईट गेली आहे का?”

“असेल, मॅडम,” भाऊसाहेब आभाळाकडे बघत म्हणाले.

पण गावातून पिठाच्या गिरणीची घरघर येत होती. लाईट होती.

अन्वरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मेजरांकडे बघितलं. मेजरांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

“मोटारी बंद हायेत, मॅडम. परवा सकाळपासनं. समद्या गावाच्या.”

“का?”

“तुमी मोजायला येनार म्हनून. आता बगा, माझी शुगर तपासायची असली, तर डॉक्टर काय म्हनतो? उपाशीपोटी या. खाऊनपिऊन गेलं की रिपोर्ट चुकतो. तसंच विहिरीचं. म्हनून मोटारींना उपास घडवला. दोन दिवस एकानंबी बटन दाबलं न्हाई. मी स्वता फिरून बगितलंय.”

मी माझी पुस्तिका उघडली. त्यात लिहिलं होतं: मोजणीच्या वेळी उपसा बंद असावा. किती वेळ आधीपासून, ते लिहिलं नव्हतं. चालू मोटारीत मोजलेली पातळी खोटी, हे खरंच आहे. पण दोन दिवस निजवलेल्या विहिरीची पातळी, जी वर्षभरात पुन्हा कधी दिसणार नाही, ती खरी कशी?

“पण मेजर, हे पाणी रोज एवढं नसतं.”

“उपाशीपोटी शुगर तरी रोज कुटं तेवढी असती?”

अन्वरभाई हसले. “मॅडम, ईदच्या आधी आम्ही पण घराला चुना मारतो. पाहुणा म्हणतो, वा, काय उजेड आहे. आता त्याला कोण सांगणार, की हा उजेड परवाचाच आहे म्हणून.”

“चुना न्हाई हा,” मेजर जरा दुखावले. “ही शिस्त हाय.”

आणि मला कळेना, कोण बरोबर आहे. ही फसवणूक होती? पाहुणचार होता? शास्त्र होतं? एक गोष्ट मात्र मला दिसत होती. या गावात ठराव झाले होते, श्रमदानाचे फोटो झाले होते, भिंतीवर घोषणा रंगवून झाल्या होत्या. पण सगळं गाव एकदम एक गोष्ट करतंय, भाऊबंदकी असलेले, बांधावरून कोर्टात गेलेले, एकमेकांच्या लग्नाला न जाणारे सगळे एकदम बटणापासून हात लांब ठेवतायत, असं मी त्या दिवसापर्यंत कुठेच बघितलं नव्हतं. लोकसहभाग मी ऐकला, तो त्या शांततेत. आणि तो माझी मोजणी बिघडवण्यासाठी होता.

तिथेच अलकाताई आल्या. पस्तिशीच्या असतील. डोक्यावर पदर, हातात विळा. घासाला निघालेली बाई वाटेत थांबावी तशा. त्यांची विहीर वरच्या वस्तीवर, चढाला. वस्तीवरची पाच-सहा घरं आणि त्यांची जनावरं त्याच विहिरीचं पितात. खालच्या मळ्यांतले उपसे सुरू झाले की ती विहीर सगळ्यांच्या आधी उतरते, आणि होळीच्या सुमारास वस्तीच्या बायका डोक्यावरून पाणी आणायला लागतात. हे मला माहीत होतं, कारण मागच्या अहवालात ते मीच लिहिलं होतं.

“मॅडम, माझी विहीर बगायला चला,” त्या म्हणाल्या.

“ती यादीत नाही, वहिनी,” भाऊसाहेब म्हणाले.

“यादीत न्हाई, पर गावात हाय.”

आम्ही चढ चढून गेलो. वस्तीवर शेवंतीचे वाफे होते, दिवाळीसाठी राखलेले, कळ्या अजून हिरव्या. विहिरीच्या आत दगडी पायऱ्या उतरत गेलेल्या. अलकाताई काठावर वाकल्या आणि बोटाने दाखवायला लागल्या.

“तिथं कासवाची पायरी हाय. आमचं कासव त्या पायरीवर ऊन खात बसतं. पाऊस थांबल्यापासनं रोज बसतंय. काल सकाळी बगते तर पायरीच न्हाई. पान्याखाली. कासव आपलं गोल गोल फिरतंय, त्याला बसायला जागा न्हाई.” त्या हसल्या, मग हसू थांबलं. “मला इतकी वर्षं वाटायचं, माझी विहीरच आजारी हाय. मागं मानूस आनून नारळ बी फिरवला, नवा झरा लागतोय का म्हनून. आन् खाली दोन दिवस उपसा थांबला तर हिनं एवढं पानी धरलं. म्हंजे हिला काय झालंच न्हवतं.”

“तुमची मोटार?”

“माझी बी बंदच. समद्यांनी ठेवली, मी एकटी कशी चालू ठेवू?”

“ग्रामसभेत हा आकडा लागला, तर कांदा जास्त लावायला परवानगी मिळेल, अलकाताई. मग ही पुन्हा उतरेल.”

“ते कळतंय मला.” त्यांनी विळ्याने काठावरचं गवत उगीच खरवडलं. मग मान न वर करता म्हणाल्या, “पर रोप तर मी बी टाकलंय, मॅडम.”

शेवंतीच्या वाफ्यापलीकडे खरंच एक वाफा होता. कांद्याचं रोप नुकतं उगवलं होतं, हिरव्या सुयांसारखं. तोच तो वास.

संध्याकाळी चावडीपुढे ग्रामसभा झाली. पुरुष पुढे, बायका भिंतीला. फळ्यावर पातळी लिहिली गेली. मी त्याखाली तांबड्या खडूने लिहायला लावलं, की दोन दिवस उपसा बंद असताना. तेवढंच माझ्या हातात होतं; मूल्यमापन करणाऱ्याने सल्ला द्यायचा नसतो, असा आमचा नियम आहे, आणि नियम मला पटतात. तांबडी ओळ सगळ्यांनी वाचली. कांद्याचं क्षेत्र वाढवायला मंजुरी मिळाली.

मग भिंतीकडून आवाज आला. “मला एक बोलायचंय.”

“बोला, वहिनी,” मेजर म्हणाले.

“कांदा लावा. मी बी लावनार हाय. पर आठवड्यात एक दिवस समद्यांनी मिळून मोटारी बंद ठिवा. दोन दिवसांनी एवढं हुतंय, तर एका दिवसानं थोडं तरी हुईल. आमच्या वस्तीला फागुन काढता येईल.”

मला वाटलं, हसतील. थोडे हसलेही. कोणीतरी मागून म्हणालं, “अलकावहिनी, बायकू उपास धरायला लावतीच, आता तुमी मोटारीला बी लावा.” पण मेजरांना ते आवडलं. शिस्तीचा माणूस. “ठराव घ्या, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “आठवड्याला एक दिवस, मोटारीचा उपास.” हात वर झाले. सगळे. बायकांचेही. मी मोजायचं सोडून दिलं, कारण खाली राहिलेला हात शोधणंच सोपं होतं, आणि तो सापडला नाही.

परतताना अन्वरभाईंनी रेडिओ लावला नाही. केडगाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, “मॅडम, चांगलं झालं ना?” मी हो म्हणाले. लोकसहभागाच्या रकान्यात पैकीच्या पैकी द्यावेत, असं मी ठरवून टाकलं होतं.

माघात पुन्हा गेले. कांद्याच्या लागणी होऊन पातीने गडद हिरवा रंग धरलेला, वाफ्यांवरून गार वारा. मोटारी वाजत होत्या. चौकात मेजर आणि रज्जाकभाई बसले होते. रज्जाकभाईंचा मळा मेजरांच्या शेजारी. मी विचारलं, मोटारीचा उपास पाळला जातो का?

“म्हंजे काय,” मेजर म्हणाले. “एकबी मोडत न्हाई. माझा गुरुवार.”

“माझा जुम्मा,” रज्जाकभाई म्हणाले. “तसंबी त्या दिवशी दुपारपर्यंत मी मळ्यात नसतो. मोटार बी आरामात, मी बी आरामात.”

“आमच्या थोरल्याचा शनिवार,” मेजरांनी सांगितलं. “खालच्या आळीचे मंगळवारवाले हायेत. माळकरी एकादशी धरत्यात, ते जरा कमी पडतंय, त्यांना बोललोय मी.”

मला समजायला थोडा वेळ लागला. ठरावात आठवड्यातून एक दिवस असं होतं. कोणता, ते नव्हतं. म्हणून प्रत्येकाने आपला वार धरला, जसा आपण उपासाचा धरतो; घराण्याचा, नवसाचा, सवयीचा. कोणीही चुकवत नव्हतं. सोमवारच्या माणसाने सोमवारी घरच्यांनाही बटणाला हात लावू दिला नव्हता. फक्त सगळं गाव एकदम शांत झालं, असा एकही दिवस त्या गावात त्यानंतर उगवला नव्हता.

“पण सगळ्यांनी मिळून, असं ठरलं होतं,” मी म्हणाले.

“मिळूनच तर करतोय,” रज्जाकभाईंनी आश्चर्याने बघितलं. “कोन सुटलंय सांगा?”

“मग एकच वार का नाही धरत?”

“कोनाचा धरायचा?” मेजर म्हणाले. “गुरुवार म्हनलं तर हे म्हननार मेजरचा वार. शुक्रवार म्हनलं तर निम्मं गाव म्हननार रज्जाकचा. विषय घेतलाय सभेपुढं. पुढच्या बैठकीत हुईल.”

चढावर अलकाताईंच्या विहिरीत कासव आपल्या पायरीवर बसलं होतं. त्याच्या खाली आणखी दोन पायऱ्या कोरड्या होत्या.

“माझा सोमवार,” अलकाताई म्हणाल्या. “सोमवारी मी बंद ठेवते आन् खालच्या समद्या चालू असत्यात. मी उपाशी, ते जेवत्यात. आनि त्यांच्या उपासाला मी जेवते. कोनाला बोलू?”

होळीला वस्तीचं पाणी संपलं का? नाही. चैत्रात संपलं. म्हणजे थोडं जास्त टिकलं. ते उपासांमुळे टिकलं, की त्या वर्षी पाऊस बरा होता म्हणून, की खाली दोघांचा कांदा करप्याने गेला आणि त्यांनी पाणी देणं सोडलं म्हणून, हे मला सांगता येत नाही. अहवालात मी तिन्ही कारणं लिहिली. वरच्या साहेबांनी विचारलं, “नक्की कोणतं?” मी म्हटलं, साहेब, कारणाचा रकाना एकच आहे. ते म्हणाले, मग एकच लिहा.

वीसेक वर्षं हे काम करते आहे. सहभाग नसलेली गावं मी बघितली आहेत. तिथे माझं काम सोपं असतं. या गावात सहभाग आहे. तो एकदा पाहुण्यासाठी म्हणून एकत्र आला, तेव्हा विहीर भरली. नंतर पाण्यासाठी म्हणून मनापासून आला, तेव्हा सात वारांत वाटला गेला. पहिल्याला मी गुण द्यावेत तर तो देखावा होता. दुसऱ्याला द्यावेत तर त्यातून कासवाची पायरी बुडत नाही. योजना लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं, की प्रत्येक माणूस सहभागी झाला म्हणजे गाव सहभागी झालं. ती बेरीज मीही वर्षानुवर्षे करत आले. आता बेरजेच्या खाली रेघ मारली की मला तो तितर ऐकू येतो.

यंदाच्या दौऱ्याची पत्रं आली आहेत. त्यात एक नवी सूचना आहे: गावांना पूर्वकल्पना न देता जावे, म्हणजे पातळी खरी मिळेल. ही सूचना माझ्याच अहवालातून निघाली आहे. योग्य आहे. मी असते तर हेच लिहिलं असतं. मीच लिहिलं होतं.

काल दुपारी अलकाताईंचा फोन आला. मागे कुठेतरी मोटार चालू होती, म्हणून त्या मोठ्याने बोलत होत्या.

“मॅडम, अवंदा कवा येनार मोजायला?”

“ठरलं नाही अजून,” मी म्हणाले.

“ठरलं की सांगा. मला न्हाई, भाऊसाहेबास्नी सांगा. गावाला कळू द्या चांगलं. अवंदा पाऊस कमी झालाय, कासव आत्ताच दोन पायऱ्या खाली उतरलंय. आन् ते वाराचं अजून पुढच्या बैठकीतच हाय.”

“अलकाताई, यंदा आम्हाला न सांगता यायचं आहे.”



“मंग आमच्या मोटारी बंद कशा हुनार?” त्या म्हणाल्या. “तुमी येनार म्हनलं की बंद हुत्यात. दुसऱ्या कशानं हुत न्हाईत. मी तर म्हनते, दर पंधरवड्याला येत जा. मोजू नका, पायजे तर. येऊ बी नका. नुसतं येतेय म्हनून कळवत जा.”

“तसं करता येत नाही हो.”

“का वं?”

मी काहीतरी उत्तर दिलं. नियमाचं असावं. त्यांनी ऐकून घेतलं, घरच्यांची चौकशी केली, शेवंती पाठवते म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आज दौऱ्याची यादी केली. टेप तपासली, वजनाची दोरी बदलली, पुस्तिका पिशवीत घातली, टोपी, पाण्याची बाटली, अन्वरभाईंना मंगळवारी त्या गावाला जायचंय, सकाळी लवकर या म्हणून सांगितलं. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. मंगळवारच्या आधी मोटारींचे दोन दिवस हवे असतील, तर आजच सांगायला हवं. यादीच्या तळाशी एक ओळ मी सकाळी लिहिली, दुपारी खोडली आणि आता पुन्हा लिहिली आहे. संध्याकाळ होत आली, टेम्पोतल्या रोपाचा वास अजून गल्लीत आहे, आणि फोन समोर टेबलावर आहे.

भाऊसाहेबांना फोन करणे.